विंडोजशिवाय ईएसएक्सआय: एकट्या होस्टची देखभाल, पायरीपायरीने

सर्व्हर (म्हणजे होस्ट) एकच आहे, त्यावर ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) चढवलेलं आहे, व्हीसेंटर (अनेक होस्ट एकत्र सांभाळणारा प्रोग्रॅम) नाही आणि तुमच्या टेबलावर लिनक्स किंवा मॅक आहे. जुने लेख उघडले की पहिलीच सूचना दिसते, "व्हीस्फिअर क्लायंट उतरवून घ्या". तो क्लायंट फक्त विंडोजवर चालायचा. मग कोणी केवळ त्याच्यासाठी विंडोजचं व्हर्च्युअल मशीन बनवतं, आणि होस्ट बंद पडला की ते मशीनही त्याच्यासोबत बंद पडतं.

याची आता गरज नाही. मार्च २०१६ मध्ये आलेल्या ६.० अपडेट २ पासून होस्ट क्लायंट होस्टमध्येच बसवलेला येतो आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो. नोव्हेंबर २०१६ च्या ६.५ पासून तर जुना विंडोज क्लायंट चालतच नाही.

फक्त ब्राउझरवर विसंबून मात्र राहू नका. होस्टला तीन दारं आहेत: ब्राउझर, एसएसएचचा शेल (दुसऱ्या संगणकावरून कमांड देण्याची जागा) आणि सर्व्हरला प्रत्यक्ष जोडलेला पडदा. एक दार बंद झालं की दुसऱ्यातून जावं लागतं, म्हणून तिन्ही उघडतात याची खात्री सगळं सुरळीत असतानाच करून ठेवा.

एक सूचना: या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरायची.

हाताशी काय हवं

- रूट खात्याचा पासवर्ड
- सर्व्हरला जोडता येईल असा मॉनिटर आणि कीबोर्ड, किंवा आयड्रॅक, आयएलओ, आयपीएमआय यांपैकी सर्व्हरमध्ये असेल तो दूरस्थ कन्सोल
- नेटवर्कवरचा एक मोकळा कायमचा आयपी पत्ता, तसंच गेटवे, डीएनएस आणि असेल तर व्हीलॅन क्रमांक
- अद्ययावत ब्राउझर, शक्यतो दोन वेगवेगळे
- एसएसएच आणि एससीपी (त्याच मार्गाने फाइल पाठवणारी कमांड). लिनक्स आणि मॅकवर ही दोन्ही सहसा असतातच
- परवान्याची की आणि तुमच्याच आवृत्तीची इन्स्टॉलेशन आयएसओ
- होस्टच्या बाहेरची एखादी डिस्क किंवा नॅस (नेटवर्कवरची डिस्क), बॅकअपसाठी

१. आधी आवृत्ती आणि परवाना पाहा

होस्टच्या पडद्यावर वरच्या भागात आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो. तो लिहून ठेवा, पुढे बॅकअप परत चढवताना लागेल. ६.५ आणि ६.७ चा कंपनीकडून मिळणारा आधार (सपोर्ट) ऑक्टोबर २०२२ मध्ये संपला, ७.० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. नवीन मांडणी करत असाल तर ८.० घ्या. जुन्या हार्डवेअरवर मात्र एक अडचण येते: ७.० पासून जुन्या लिनक्स धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकले आहेत. रिअलटेकचं नेटवर्क कार्ड असलेल्या घरगुती मशीनवर इन्स्टॉलर "नेटवर्क अडॅप्टर सापडला नाही" म्हणून थांबतो तो बहुतेकदा याचमुळे. अशा वेळी इंटेलचं व्हीएमवेअरच्या आधारयादीतलं कार्ड बसवणं सर्वांत सोपं.

परवान्याच्या बाबतीत तीन शक्यता आहेत. काहीच की दिली नाही तर ६० दिवस सगळ्या सोयी चालू राहतात. मुदत संपल्यावर चालू व्हर्च्युअल मशीन चालतच राहतात, पण एकदा बंद केलेलं मशीन पुन्हा सुरू होत नाही. विकतचा परवाना असेल तर प्रश्नच नाही. मोफत आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली होती. एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत ती परत आली. तिच्यात एका मशीनला जास्तीत जास्त ८ व्हर्च्युअल सीपीयू देता येतात आणि बाहेरून येणाऱ्या एपीआयला (इतर प्रोग्रॅमनी होस्टशी बोलायच्या मार्गाला) फक्त वाचण्याची मुभा असते.

नवखे सर्वांत जास्त अडतात ते या शेवटच्या अटीवर. लिनक्सवरून गोव्हीसी चालवलं, मॅकवर पॉवरसीएलआय चढवलं (दोन्ही होस्टला दुरून कमांड देणारे प्रोग्रॅम), मशीनांची यादी दिसली, आणि मशीन सुरू करायला गेलं की "सध्याचा परवाना ही क्रिया करू देत नाही" असा निरोप येतो. प्रोग्रॅममध्ये दोष नसतो. मोफत परवान्यावर बदल करायचे असतील तर होस्ट क्लायंट किंवा होस्टवरचा शेल, एवढेच मार्ग.

२. होस्टला कायमचा पत्ता द्या

सर्व्हरसमोरच्या पिवळ्या-राखाडी पडद्यावर एफ२ दाबा आणि रूटने आत जा. "कॉन्फिगर मॅनेजमेंट नेटवर्क" मध्ये आयपीव्ही४ ची स्थिर मांडणी स्पेसबारने निवडा. एंटर दाबलं की निवड होत नाही, खिडकी नुसती पुढे सरकते. पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे भरा. डीएनएस आणि होस्टनेम इथेच भरून टाका. एस्केप दाबल्यावर बदल लागू करायचे का असं विचारतो, तिथे वाय दाबा.

मग "टेस्ट मॅनेजमेंट नेटवर्क" चालवा. गेटवे आणि डीएनएसला पिंग जातो का आणि होस्टचं नाव सुटतं का (नावावरून पत्ता सापडतो का), हे तो तपासतो. फक्त नाव सुटत नसेल तर तूर्त चालेल. गेटवेच लागत नसेल तर आधी "नेटवर्क अडॅप्टर्स" मध्ये पाहा. चार पोर्टांचं कार्ड असतं, केबल असते तिसऱ्यात आणि होस्टने पकडलेला असतो पहिला. व्हीलॅन क्रमांक चुकला तरी लक्षणं हीच दिसतात.

३. ब्राउझरमधून आत जा

पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस, होस्टचा आयपी आणि शेवटी तिरकी रेघ देऊन "यूआय" लिहा. प्रमाणपत्र होस्टने स्वतःच सही केलेलं असल्याने इशारा येणारच. तुमच्याच नेटवर्कवर आणि तुमच्याच होस्टवर असाल तर पुढे जा.

मॅकवर कधी कधी "पुढे जा" हा पर्यायच दिसत नाही. मॅकओएस १०.१५ पासून ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदतीची नवी सर्व्हर प्रमाणपत्रं ॲपल मान्य करत नाही, आणि होस्टचं मूळ प्रमाणपत्र कित्येक वर्षांचं असतं. तात्पुरता उपाय म्हणजे फायरफॉक्स, कारण तो स्वतःची वेगळी तपासणी करतो. कायमचं करायचं असेल तर कमी मुदतीचं स्वतःचं प्रमाणपत्र बनवा आणि "मॅनेज", "सिक्युरिटी अँड युजर्स", "सर्टिफिकेट्स" इथून चढवा.

पासवर्ड चुकीचा टाकत राहू नका. अलीकडच्या आवृत्त्यांत ५ चुकांनंतर खातं १५ मिनिटं बंद होतं आणि त्या काळात बरोबर पासवर्डही चालत नाही. जुना पासवर्ड साठवलेली एखादी देखरेखीची स्क्रिप्ट मागे चालू असेल तर हे कुलूप पुन्हा पुन्हा लागतं. प्रत्यक्ष पडद्यावर ते लागू होत नाही, तिथून आत जाता येतं.

हा पत्ता इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघड्या असलेल्या होस्टांची व्हर्च्युअल मशीन कुलूपबंद केली. ज्या त्रुटीकडे बोट दाखवलं गेलं तिचा पॅच दोन वर्षं आधीच निघालेला होता. बाहेरून काम करायचं असेल तर व्हीपीएन वापरा, किंवा आतल्या एखाद्या लिनक्स मशीनमधून एसएसएच बोगदा काढा. ईएसएक्सआयच्या स्वतःच्या एसएसएचमधून बोगदा काढायला जाऊ नका, तिथे पोर्ट पुढे पाठवणं मुळातच बंद असतं.

४. पहिल्या अर्ध्या तासात उरकायच्या गोष्टी

*वेळ.* "मॅनेज", "सिस्टम", "टाइम अँड डेट" मध्ये एनटीपी सर्व्हर भरा आणि सेवा होस्टसोबत सुरू होईल असं ठेवा. सर्व्हर भरला पण सेवाच सुरू केली नाही, ही चूक फार होते. होस्टचं घड्याळ भरकटलं की आतल्या मशीनांचंही भरकटू शकतं, आणि ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की डोमेनमधलं लॉगिन अडतं.

*लॉग.* होस्ट यूएसबी किंवा एसडी कार्डावरून चालत असेल तर "लॉग तात्पुरत्या जागेत साठवले जात आहेत" असा पिवळा इशारा दिसतो. तो खरा असतो. होस्ट अचानक रीस्टार्ट झाला की कारण सांगणारे लॉगही पुसले जातात. "ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज" मध्ये सिसलॉगची जागा डेटास्टोअरवरच्या (मशीनांच्या फाइल ठेवलेल्या डिस्कवरच्या) फोल्डरला लावा. नव्याने मांडणी करत असाल तर एसडी कार्डाचा नादच सोडा. ७.० पासून होस्ट त्यावर बरंच लिहितो आणि कार्डं झिजतात. ३२ जीबी किंवा त्याहून मोठी साधी एसएसडी लावा.

*वापरकर्ते.* रोजच्या कामाला वेगळं खातं बनवा. नुसतं खातं बनवून भागत नाही. "होस्ट" वर उजवं क्लिक करून "परमिशन्स" मध्ये त्या खात्याला भूमिका द्यावी लागते, नाहीतर पासवर्ड बरोबर असूनही परवानगी नसल्याचा निरोप येतो.

*ऑटोस्टार्ट.* वीज जाऊन आल्यावर होस्ट उठतो, मशीन उठत नाहीत. "मॅनेज", "सिस्टम", "ऑटोस्टार्ट" मध्ये आधी ही सोय संपूर्ण होस्टसाठी चालू करा, मग प्रत्येक मशीनला वेगळी चालू करा. दोन्ही लागतात. क्रम असा लावा की डीएनएस आणि डोमेन देणारं मशीन आधी, त्यावर अवलंबून असणारी नंतर. दोन मशीनांमधली थांबण्याची वेळ मुळात १२० सेकंद असते, दहा मशीन असतील तर शेवटचं वीस मिनिटांनी उठेल. बंद करतानाची कृतीही तपासा. "पॉवर ऑफ" असेल तर तो सरळ वीज खेचल्यासारखा प्रकार आहे. "शट डाउन" हवं, आणि ते चालायला मशीनच्या आत व्हीएमवेअर टूल्स लागतात. लिनक्समध्ये ओपन-व्हीएम-टूल्स हे पॅकेज वितरणातूनच मिळतं.

*सेशन.* १५ मिनिटं हालचाल नसली की होस्ट क्लायंट बाहेर काढतो आणि मोठं अपलोड चालू असेल तर तेही तुटू शकतं. वर उजवीकडे आपल्या नावाच्या मेन्यूत ही मुदत वाढवता येते.

५. आयएसओ चढवणं आणि मशीन बनवणं

"स्टोरेज" मध्ये डेटास्टोअर ब्राउझर उघडा, आयएसओंसाठी वेगळं फोल्डर करा आणि अपलोड करा. फाइल मोठी असेल आणि ब्राउझर मधेच सोडून देत असेल तर एससीपीने थेट "व्हीएमएफएस" मधल्या "व्हॉल्यूम्स" खालच्या डेटास्टोअरच्या फोल्डरात टाका. इथे एक अलीकडची गाठ आहे: एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतं, आणि जुन्या होस्टांवर एसएफटीपी नसतं. कमांडमध्ये हायफन आणि मोठा ओ हा पर्याय दिला की जुन्या पद्धतीने फाइल जाते.

मशीन बनवतानाचे बाकी पडदे सरळ आहेत. नेटवर्क कार्ड व्हीएमएक्सनेट३ निवडा. लिनक्स ते लगेच ओळखतं, विंडोजमध्ये टूल्स बसेपर्यंत नेटवर्क दिसणार नाही. डिस्क "थिन" ठेवली की वापरली तेवढीच जागा जाते, पण सगळ्या मशीनांना मिळून प्रत्यक्षापेक्षा जास्त जागा कबूल करून बसण्याचा धोका असतो. डेटास्टोअर काठोकाठ भरला की लिहायला जागा मागणारी मशीन जागीच थांबतात.

तयार ओव्हीए फाइल (एका फाइलमध्ये बांधलेलं अख्खं मशीन) आणायची असेल तर १ जीबीची मर्यादा ध्यानात ठेवा. त्याहून मोठी ओव्हीए ब्राउझरमधून बहुधा अडकतेच. ओव्हीए म्हणजे मुळात टार फाइल. ती टारने सोडवा आणि आतल्या ओव्हीएफ आणि व्हीएमडीके फाइल एकत्र निवडून चढवा.

६. मशीनचा पडदा

ब्राउझरमधला कन्सोल ४४३ पोर्टवरूनच चालतो आणि बहुतेक कामांना पुरतो. सवयीने शब्द पुसायला कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर मात्र ब्राउझरचा टॅबच बंद होतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही हाताने न दाबता "ॲक्शन्स", "गेस्ट ओएस", "सेंड कीज" मधून पाठवा.

आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ किंवा यूएसबी मशीनला जोडायची असेल तर व्हीएमआरसी (व्हीएमवेअरचा वेगळा कन्सोल प्रोग्रॅम) लागतो. त्याला ९०२ पोर्टही उघडा हवा. नोव्हेंबर २०२४ पासून व्हीएमवेअरचे वर्कस्टेशन प्रो (लिनक्स आणि विंडोजसाठी) आणि फ्यूजन प्रो (मॅकसाठी) सर्वांसाठी मोफत झाले आहेत. त्यांतून थेट होस्टला जोडून घेता येतं, आणि लिनक्सवर ते वापरायला व्हीएमआरसीपेक्षा सुखाचं वाटतं.

७. एसएसएच: लागेल तेव्हा उघडा

होस्ट क्लायंटमध्ये "मॅनेज", "सर्व्हिसेस" मधून टीएसएम-एसएसएच सुरू करा, किंवा प्रत्यक्ष पडद्यावर "ट्रबलशूटिंग ऑप्शन्स" मधून. काम झालं की बंद करा. ते उघडं असताना येणारा पिवळा इशारा ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून दडपता येतो, पण दडपू नका. एसएसएच उघडं राहिलंय याची आठवण करून देणारं दुसरं काही नसतं.

चावीने लॉगिन करायचं असेल तर सार्वजनिक चावी नेहमीच्या जागी चालत नाही. ती "ईटीसी", "एसएसएच", "कीज-रूट" मधल्या "ऑथोराइज्ड_कीज" फाइलमध्ये टाकावी लागते.

आत गेल्यावर दोन कमांड पुरतात: विम-सीएमडी आणि ईएसएक्ससीएलआय. पाठांतर नको. विम-सीएमडी एवढंच लिहून एंटर दाबा, उपविभाग दिसतात. मग विम-सीएमडी आणि व्हीएमएसव्हीसी लिहा, मशीनांशी संबंधित सगळ्या कमांड दिसतात. त्यातली "गेटऑलव्हीएम्स" आधी चालवा, कारण पुढच्या प्रत्येक कमांडला मशीनचं नाव चालत नाही, यादीतला क्रमांक लागतो. "पॉवर.गेटस्टेट", "पॉवर.ऑन", "पॉवर.शटडाउन" हे शब्द आणि पुढे तो क्रमांक, एवढंच.

एखादं मशीन कशालाच दाद देत नसेल तर ईएसएक्ससीएलआयच्या "व्हीएम प्रोसेस लिस्ट" मधून त्याचा वर्ल्ड आयडी घ्या आणि "किल" ला आधी सॉफ्ट, मग हार्ड, अगदीच नाइलाज झाला तर फोर्स हा प्रकार द्या.

८. क्लोन आणि स्थलांतर

होस्ट क्लायंटमध्ये क्लोनचं बटण नाही, ते व्हीसेंटरकडे असतं. मशीन बंद करा, शेलमध्ये व्हीएमकेएफएसटूल्सला हायफन-आय पर्याय देऊन डिस्कची प्रत काढा, प्रत थिन ठेवायची असेल तर हायफन-डी आणि थिन जोडा. मग "अस्तित्वात असलेली डिस्क" जोडून नवं मशीन बनवा.

शेलमध्ये प्रत्येक डिस्कच्या दोन फाइल दिसतात: काहीशे बाइटांची वर्णनाची फाइल आणि नावात "फ्लॅट" असलेली खरी मोठी फाइल. डेटास्टोअर ब्राउझर त्या एकच म्हणून दाखवतो. एससीपीने फक्त लहान फाइल उचलून नेली आणि मूळ मशीन पुसलं, तर डेटा गेला. व्हीएमकेएफएसटूल्सला नेहमी वर्णनाची फाइल द्या, फ्लॅट नको. एससीपीने हलवताना मात्र दोन्ही न्या.

हलवलेलं मशीन नोंदवून सुरू केलं की होस्ट विचारतो, ते हलवलं की त्याची प्रत काढली. हा प्रश्न मशीनच्या पानावर येतो आणि उत्तर मिळेपर्यंत ते अडकल्यासारखं दिसतं. "हलवलं" म्हटलं की मॅक ॲड्रेस तोच राहतो, "प्रत काढली" म्हटलं की नवा मिळतो. मूळ मशीनही चालू असेल तर "प्रत काढली" हेच उत्तर द्या.

९. बॅकअप: मांडणीचा वेगळा, मशीनांचा वेगळा

होस्टची मांडणी दर तासाला बूटच्या डिस्कवर लिहिली जाते. म्हणजे नेटवर्क बदललं आणि दहाव्या मिनिटाला वीज गेली, तर बदल हरवू शकतो. मोठा बदल केला की शेलमध्ये "एसबिन" मधली "ऑटो-बॅकअप.एसएच" हाताने चालवा.

मांडणीची प्रत बाहेर काढायला विम-सीएमडीच्या "होस्टएसव्हीसी", "फर्मवेअर" विभागातली "सिंक_कॉन्फिग" आणि मग "बॅकअप_कॉन्फिग" चालवा. उत्तरात एक दुवा येतो, त्यातल्या तारकेच्या जागी होस्टचा आयपी टाका आणि फाइल लगेच उतरवून घ्या. ती परत चढवताना बिल्ड क्रमांक तोच लागतो, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (मशीन बंद ठेवून देखभाल करायच्या स्थितीत) असावा लागतो, आणि चढवल्यावर तो स्वतःहून रीस्टार्ट होतो.

स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो, फुगत जातो आणि मशीन मंदावतो. अपडेटपूर्वी घ्या, दोन-तीन दिवसांत काढा. मोफत परवान्यावर बाजारातले बॅकअप प्रोग्रॅम सहसा चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा एपीआय बंद असतो. तिथे घेट्टोव्हीसीबी ही शेलमध्ये चालणारी स्क्रिप्ट कामी येते. एखाददुसरं मशीन असेल तर ते बंद करून ओव्हीएफटूलने बाहेर काढा. ते लिनक्स आणि मॅकवरही चालतं. ब्राउझरमधून एक्स्पोर्ट करताना एकाहून अधिक फाइल उतरतात, पॉपअप अडवणारी सेटिंग त्यातल्या काही गुपचूप गिळते. फाइल मोजून पाहा.

१०. पॅच लावणं

पॅचची ऑफलाइन झिप डेटास्टोअरवर चढवा, मशीन बंद करा, होस्टला मेंटेनन्स मोडमध्ये घाला. एखादं मशीन चालू राहिलं तर हे काम काही टक्क्यांवर नुसतं थांबून राहतं. ईएसएक्ससीएलआयच्या "सॉफ्टवेअर सोर्सेस प्रोफाइल लिस्ट" ने झिपमधल्या प्रोफाइलचं नाव काढा आणि "सॉफ्टवेअर प्रोफाइल अपडेट" चालवा. झिपचा मार्ग "व्हीएमएफएस" पासून पूर्ण लिहा, नुसतं फाइलचं नाव चालत नाही.

"अपडेट" ऐवजी "इन्स्टॉल" लिहू नका. इन्स्टॉल प्रोफाइलमध्ये नसलेली पॅकेजं काढून टाकतो, त्यात सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीचे ड्रायव्हरही जातात, आणि रीस्टार्टनंतर डेटास्टोअर किंवा नेटवर्कच दिसेनासं होतं. आधी ड्राय-रन करून काय बदलणार ते वाचा.

रीस्टार्टनंतर बिघडलं तर होस्ट सुरू होताना शिफ्ट-आर दाबून आधीच्या बिल्डवर परत जाता येतं. ६.x वरून ७.० वर गेलेल्यांना मात्र परतीचा रस्ता नाही, कारण बूट डिस्कची विभागणीच बदललेली असते. सगळं ठीक झालं की मेंटेनन्स मोडमधून बाहेर पडा. विसरलात तर पुढच्या वेळी ऑटोस्टार्टही काम करणार नाही.

११. ब्राउझर उघडत नाही तेव्हा

५०३ किंवा कोरं पान आलं तर आधी दुसरा ब्राउझर किंवा खाजगी खिडकी वापरून पाहा. तरीही तसंच असेल तर एसएसएचने जाऊन होस्टडी ही होस्टचा कारभार पाहणारी सेवा रीस्टार्ट करा. एसएसएचही बंद असेल तर प्रत्यक्ष पडद्यावर एफ२, "ट्रबलशूटिंग ऑप्शन्स", "रीस्टार्ट मॅनेजमेंट एजंट्स". यात चालू मशीन बंद पडत नाहीत. एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा उघडा.

व्हीस्विच० (होस्टचा मूळ व्हर्च्युअल स्विच) मध्ये हात घातल्यावर संपर्क तुटला असेल तर त्याच पडद्यावर "नेटवर्क रिस्टोअर ऑप्शन्स" आहे. ऑल्ट-एफ१ ने शेल दिसतो, ऑल्ट-एफ२ ने परत येता येतं, आणि ऑल्ट-एफ१२ वर कर्नलचे लॉग धावताना दिसतात. डिस्क मरायला टेकली असेल तर तिच्या तक्रारी बहुधा इथेच आधी दिसतात.

रूटचा पासवर्डच हरवला असेल तर व्हीसेंटर नसताना अधिकृत मार्ग एकच, पुन्हा इन्स्टॉल करणं. इन्स्टॉलर तीन पर्याय देतो. त्यातला "इन्स्टॉल, प्रिझर्व्ह व्हीएमएफएस" हा निवडा. "ओव्हरराइट" वर एंटर पडला तर त्या डिस्कवरची सगळी मशीन जातात. इन्स्टॉल झाल्यावर डेटास्टोअर ब्राउझरमध्ये प्रत्येक मशीनच्या व्हीएमएक्स फाइलवर उजवं क्लिक करून "रजिस्टर" करा, मशीन जशी होती तशी यादीत परत येतात. नेटवर्कची नावं मात्र आधीसारखीच ठेवा. पोर्ट ग्रुपच्या (मशीन ज्याला जोडलेलं असतं त्या नेटवर्कच्या) नावातलं एक अक्षर जरी चुकलं तरी मशीन सुरू होईल, पण त्याला नेटवर्क मिळणार नाही.